पीठ कुणी दळलं?

मागच्या सत्रात प्रॅक्टिकल चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, तुम्ही एकेका प्रोटीनवर पाच-पाच, सहा-सहा वर्षं घालवायचात म्हणे. म्हणजे नक्की काय करायचात?" तिच्या समोरच्या लॅपटॉपवर अल्फाफोल्डचं, म्हणजे प्रोटीनच्या रचनेचं भाकीत करणाऱ्या प्रोग्रॅमचं, पान उघडं होतं. एका जीवाणूच्या प्रोटीनची रचना त्यावर गोल गोल फिरत होती, निळीशार. ती मिळवायला तिला चहा गार व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नव्हता. प्रश्नात खोच नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

"वाट बघायचो," मी म्हटलं. ती हसली. तिला वाटलं मॅडम विनोद करतायत.

प्रोटीनची रचना, म्हणजे त्यातला कुठला अणू कुठे आहे ते, काढायला आम्हाला आधी त्याचा क्रिस्टल लागायचा, आणि क्रिस्टल वाढवणं हा प्रकार सांगून पटत नाही. आधी लिटरच्या लिटर माध्यमात जीवाणू वाढवून त्यांच्याकडून ते प्रोटीन बनवून घ्यायचं, पेशी फोडायच्या, कॉलममागून कॉलम चालवून ते शुद्ध करायचं. मग चोवीस खणांचा प्लास्टिकचा ट्रे घ्यायचा. प्रत्येक खणाच्या काठावर सिरिंजने ग्रीसची रेघ आणि आत थोडं द्रावण: कधी अमोनियम सल्फेट, कधी पीईजी नावाचं पॉलिमर, ठरावीक पीएचचा बफर. काचेच्या गोल कव्हरस्लिपवर एक मायक्रोलिटर प्रोटीन आणि त्यात एक मायक्रोलिटर तेच द्रावण, असा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. ती काच झटकन उलटी करून ग्रीसवर दाबून बसवायची. थेंब खाली लोंबकळत राहतो. त्यातल्या पाण्याची हळूहळू वाफ होऊन ती खणातल्या दाट द्रावणाकडे जाते, प्रोटीन घट्ट होत जातं, आणि नशिबात असेल तर रेणू शिस्तीत एकमेकांशेजारी बसून क्रिस्टल धरतो. बहुतेक वेळा नशिबात नसतं. थेंब आहे तसा स्वच्छ राहतो, नाहीतर तळाशी तपकिरी साका जमतो. मग पीएच किंचित बदला, मीठ बदला, तापमान बदला, पुन्हा ट्रे लावा.

कधीतरी सूक्ष्मदर्शकाखाली धारदार कडांचे लखलखीत क्रिस्टल दिसायचे आणि काळजाचा ठोका चुकायचा. ते मिठाचे निघायचे. ओळखायची जुनी पद्धत म्हणजे बारीक सुईने टोचून बघणं. मिठाचा टणक असतो, कट्कन तुटतो. प्रोटीनचा मऊ असतो, त्याचा नुसता भुगा होतो, कारण त्यात जवळजवळ निम्मं पाणीच असतं. म्हणजे क्रिस्टल खरा आहे हे कळेपर्यंत तो मोडलेला असायचा. आमच्या सरांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "फार देखणा आहे ना? मग मीठच असणार." खांद्यावरून वाकून ते थेंब बघायचे, एवढं बोलायचे आणि निघून जायचे.

एवढं करून क्रिस्टल मिळाला तरी रचना मिळत नाहीच. त्यावर क्ष-किरण सोडले की शेकडो-हजारो ठिपक्यांचं चित्र मिळतं. ठिपका किती गडद आहे ते मोजता येतं, पण त्या लाटेची कला, म्हणजे फेज, मोजताना हरवते. फेज नसेल तर ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढता येत नाहीत. मग क्रिस्टल पाऱ्याच्या संयुगात बुडवून बघा, किंवा मिळत्याजुळत्या प्रोटीनची आधी कुणी सोडवलेली रचना उसनी घेऊन तिच्यावरून अंदाज बांधा. तसं जवळचं प्रोटीन सापडलंच नाही, तर उत्तम डेटा हातात असूनही वर्षानुवर्षं हार्ड डिस्कवर पडून राहायचा. अशा हार्ड डिस्क प्रत्येक प्रयोगशाळेच्या कपाटात असायच्या.

हे आमच्या पिढीचं झालं, आणि आम्ही तर फार सुखात होतो. मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनचं काम १९३०च्या दशकात हाती घेतलं आणि रचनेचं पहिलं ढोबळ रूप दिसेपर्यंत १९५९ उजाडलं. जॉन केंड्र्यू यांचं मायोग्लोबिन १९५८चं. दोघांना १९६२चं नोबेल मिळालं. डोरोथी हॉजकिन यांनी इन्शुलिनच्या क्रिस्टलचं क्ष-किरणचित्र १९३४-३५च्या सुमारास घेतलं होतं आणि इन्शुलिनची रचना हाती आली १९६९ साली. मधल्या काळात पेनिसिलीन झालं, बी-१२ झालं, नोबेलही मिळून गेलं, इन्शुलिन मात्र तसंच होतं. शेवटच्या टप्प्यात त्यांच्या ऑक्सफर्डच्या गटात एम. विजयन होते. ते भारतात परतले आणि त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रोटीन क्रिस्टलोग्राफी रुजवली. आपल्याकडे आज या विषयात काम करणाऱ्या कुणाचीही गुरुपरंपरा मागे नेत गेलात, तर बऱ्याच वेळा त्या दारात पोचाल.

त्याहूनही मागे गेलात तर मद्रास. १९६३ साली जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी एक साधा प्रश्न विचारला: अमिनो आम्लांच्या साखळीला प्रत्येक सांध्यावर दोन ठिकाणी वळता येतं, मग त्यातली कुठली वळणं शक्य आहेत आणि कुठल्या वळणात अणू एकमेकांवर आदळतात? आलेखाच्या कागदावर उभ्या-आडव्या अक्षांवर ते दोन कोन मांडले आणि शक्य असलेल्या जागा आखल्या. बहुतेक कागद कोरा राहिला. निसर्गाला वळायला जागा फार थोडी आहे, हे त्या कोऱ्या कागदाने दाखवलं. आज जगात कुठेही प्रोटीनची रचना सोडवली, की ती बरोबर आहे का हे तपासताना रामचंद्रन आलेख काढतातच. मग ती क्रिस्टलवरून काढलेली असो, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काढलेली असो, नाहीतर यंत्राने भाकीत केलेली असो. वर्गात मी हा आलेख शिकवते तेव्हा मुलं पटकन वहीत काढून घेतात. यामागे मद्रासमधला एक छोटा गट आणि ओळीने केलेली आकडेमोड आहे, हे सांगितलं तर मान डोलावतात. परीक्षेत ते येत नाही, हे त्यांना माहीत असतं.

इथवर जे सांगितलं ते सगळं मुळात एका प्रश्नासाठी. प्रोटीन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची एक लांब साखळी. ती तयार होताच स्वतःहून घडी घालून एक ठरावीक आकार घेते आणि त्या आकारावर तिचं काम ठरतं. ख्रिश्चन अँफिन्सन यांनी दाखवून दिलं की घडी कशी पडायची याची माहिती त्या साखळीच्या क्रमातच असते. त्यांना १९७२चं नोबेल मिळालं. म्हणजे क्रम माहीत असेल तर आकार सांगता यायला हवा. पन्नास वर्षं तो सांगता येत नव्हता. सायरस लेव्हिंथल यांनी १९६९ साली हिशोब मांडला होता की साखळी एकेक शक्यता तपासत बसली, तर विश्वाचं वय पुरणार नाही. आणि प्रत्यक्षात कितीतरी प्रोटीनं सेकंदाच्या आत घडी घालून मोकळी होतात.

याच सुमारास, १९७१ साली, अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत एक खातं उघडलं गेलं. त्याचं नाव प्रोटीन डेटा बँक. सुरुवातीची शिल्लक होती सात रचना. ज्याने रचना सोडवली त्याने अणूंच्या जागांची यादी इथे पाठवायची, आणि ज्याला हवी त्याने ती फुकट न्यावी, एवढाच व्यवहार. त्या काळच्या फायलींची ओळ ८० अक्षरांची असे, कारण छिद्रं पाडलेल्या कार्डावर ८०च रकाने असत. कार्डं गेली, तरी ती ओळ पुढे कित्येक दशकं तशीच राहिली. आम्हीही त्याच ८० रकान्यांत डोळे फोडले आहेत.

सगळे आनंदाने जमा करत होते असं अजिबात नाही. पाच वर्षं घासून काढलेले आकडे छापून येताच प्रतिस्पर्ध्याच्या हाती का द्यायचे? बरेच जण निबंध छापायचे, चित्र छापायचे आणि आकडे कपाटात ठेवायचे. ऐंशीच्या दशकात काही क्रिस्टलोग्राफरांनीच याविरुद्ध आवाज उठवला, आणि हळूहळू नियतकालिकांनी नियम केला की आकडे जमा केल्याशिवाय निबंध छापणार नाही. यात कुठलाही शोध नव्हता. नुसता हेका होता, पत्रव्यवहार होता आणि एकमेकांना लाजवणं होतं. २०२० पर्यंत सातांच्या सुमारे पावणेदोन लाख रचना झाल्या.

दुसरं एक काम जॉन मूल्ट यांनी १९९४ साली सुरू केलं. रचना ओळखता येते असा दावा करणारे तोवर पुष्कळ झाले होते. उत्तर माहीत असलेल्या गणिताचं उत्तर जो तो बरोबर काढत होता. मूल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परीक्षाच ठेवली, कॅस्प नावाची, दर दोन वर्षांनी. ज्यांनी नुकतीच रचना सोडवली आहे पण जाहीर केलेली नाही, अशा प्रयोगशाळांनी उत्तर दाबून ठेवायचं. परीक्षार्थींना फक्त क्रम द्यायचा. परीक्षकांना उत्तरपत्रिका कुणाची हे कळू द्यायचं नाही. वर्षानुवर्षं निकाल यथातथाच लागत होता. २०१८ साली गूगलच्या डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्ता कंपनीचा गट पहिला आला, पण बाकीच्यांपेक्षा चार पावलं पुढे एवढंच. २०२० साली 'गट क्रमांक ४२७' म्हणून एक उत्तरपत्रिका आली आणि परीक्षक चक्रावले. तो गट डीपमाइंडचाच होता, उत्तरपत्रिका अल्फाफोल्डची. शंभरपैकी मध्यक गुण ९२च्या वर. तिथे नव्वदच्या आसपासचे गुण म्हणजे प्रयोगाच्या तोडीचं उत्तर, असं मानलं जातं.

परीक्षकांपैकी एक, जर्मनीतले आंद्रेई लुपास, यांच्याकडे दहा वर्षं अडलेलं एक प्रोटीन होतं. डेटा होता, फेज नव्हती. गट क्रमांक ४२७चं भाकीत उसनी रचना म्हणून वापरलं आणि अर्ध्या तासात ते सुटलं. ही बातमी मी वाचली तेव्हा मला आधी आमच्या कपाटातल्या हार्ड डिस्क आठवल्या, नोबेलबिबेल नंतर. पुढच्या दोन वर्षांत आमच्यासारख्या कितीतरी ठिकाणी जुन्या फायली अशाच उघडल्या गेल्या आणि धडाधड सुटल्या.

यंत्राने हे केलं कसं? भौतिकशास्त्राची समीकरणं सोडवून नाही. डेटा बँकेतल्या रचना त्याने अभ्यासल्या, आणि सोबत क्रमांचे प्रचंड साठे, ज्यात समुद्राच्या पाण्यातल्या आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांपासून सगळं आलं. एकाच प्रोटीनची हजारो जीवांमधली रूपं शेजारी-शेजारी ठेवली की एक गोष्ट दिसते: साखळीत चाळिसाव्या जागी बदल झाला की एकशे वीसाव्या जागीही बदल होतो, जोडीने. म्हणजे घडी पडल्यावर त्या दोन जागा एकमेकींना टेकत असणार. ही कल्पना जुनी आहे, माणसांनीच काढलेली. यंत्राने ती अशा बारकाव्याने आणि इतक्या प्रमाणावर वापरली की कुणा माणसाच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. जुलै २०२१ मध्ये साडेतीन लाखांच्या आसपास भाकितं खुली केली गेली, वर्षभरात वीस कोटींच्या वर. २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल निम्मं डेव्हिड बेकर यांना मिळालं, नवी प्रोटीनं रचण्यासाठी, आणि उरलेलं निम्मं डीपमाइंडच्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना, अल्फाफोल्डसाठी.

तेव्हा आमच्या जुन्या गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकाने लिहिलं, "आयत्या पिठावर रेघोट्या." मला ते पटलं नाही. रेघोट्या अप्रतिम आहेत, तशा ओढायला अक्कल लागते, आणि पीठ तर सगळ्यांसाठीच खुलं होतं. पण त्याच्या बोलण्यातला अर्धा भाग सोडून देता येत नाही. पीठ होतं म्हणून हे झालं. लाखाच्या वर रचना, प्रत्येकीमागे कुणाची तरी पीएचडी, कुणाचे तरी कोल्ड रूममधले हिवाळे. सगळ्या एकाच साच्यात, तपासून, फुकट. आणि शेजारी एक अशी परीक्षा, जिच्यात कॉपी करता येत नाही. विज्ञानाच्या किती शाखांकडे या दोन्ही गोष्टी आहेत? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

नसतील तर काय होतं ते २०२० मध्येच दिसलं. करोना आला आणि छातीच्या एक्स-रेवरून निदान करणारे प्रोग्रॅम जगभर धडाधड निघाले. ९५ टक्के, ९८ टक्के अचूक म्हणून. केंब्रिजच्या एका गटाने २०२१ साली हे सगळं साहित्य चाळलं. दोन हजारांवर अभ्यासांतून गाळून ६२ बारकाईने तपासले. दवाखान्यात वापरावा असा त्यातला एकही निघाला नाही. काहींनी करोनाचे फोटो मोठ्यांचे घेतले होते आणि करोना नसलेले फोटो लहान मुलांच्या एका जुन्या संग्रहातून उचलले होते. यंत्र शिकलं ते मूल कोणतं आणि मोठं माणूस कोणतं एवढंच. ते काम त्याने चोख केलं, त्याबद्दल त्याला बोल लावता येणार नाही. घाईघाईत गोळा केलेला डेटा, कुठून आला त्याचा पत्ता नाही, आणि परीक्षक-परीक्षार्थी एकच.

उलट पावसाचं बघा. २०२५ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना एसएमएसवर मॉन्सूनच्या आगमनाचा अंदाज पाठवला, आठवडेच्या आठवडे आधी. तो यंत्राने जुन्या नोंदींवरून शिकून काढलेला अंदाज होता. त्या वर्षी पाऊस मेमध्येच मुंबईत येऊन थडकला आणि मग पुढे सरकायचाच थांबला. तो खंड या अंदाजात आधी दिसला होता. पेरणी करायची की आठवडाभर थांबायचं, या एका निर्णयावर ज्याचं वर्ष अवलंबून असतं त्याला याची किंमत सांगायला नको. त्या अंदाजामागे एक तर जगभरच्या हवामानाच्या अनेक दशकांच्या नोंदी होत्या, आणि दुसरं म्हणजे भारतीय हवामान विभागाच्या पावसाच्या शंभराहून जास्त वर्षांच्या नोंदी.

पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' म्हणून जी दगडी इमारत आहे, तिच्यावरून मी कॉलेजात असताना रोज जायचे. १९२८ साली हवामान विभागाचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं म्हणून तिचं ते नाव. गावोगावच्या पर्जन्यमापकांचे आकडे गोळा होऊन तपासले जायचे, ते अशाच ठिकाणी. सकाळी साडेआठला कुणीतरी जायचं, नळकांड्यातलं पाणी मोजपात्रात ओतायचं, मिलिमीटरचा आकडा वहीत लिहायचं. पाऊस नसेल तर शून्य लिहायचं. तो शून्यही लागतो. कोरडा दिवस आणि न मोजलेला दिवस यांत फरक करता आला नाही, तर शंभर वर्षांची वही बाद होते.

अल्फाफोल्डविषयी आमच्या विद्यार्थ्यांना मी एकच सांगते, रंग बघा. गडद निळा भाग म्हणजे यंत्राला खात्री आहे. पिवळा म्हणजे जपून. नारिंगी म्हणजे त्याने काहीतरी काढून दिलंय, विश्वास ठेवू नका. अनेकदा तिथे प्रोटीनला ठरावीक आकारच नसतो. स्वतःच्या अज्ञानाचा नकाशा सोबत देणारं यंत्र मला आवडतं. आमच्यातले काही विद्वान ते देत नाहीत. पण साखळी घडी कशी घालते, आधी कुठला भाग वळतो, लेव्हिंथलचं कोडं सुटलं का, याचं उत्तर त्या निळ्या चित्रात नाही. शेवटचं पान मिळालं, मधली पानं कोरीच आहेत. आणि अल्फाफोल्ड ३ मे २०२४ मध्ये आलं तेव्हा त्याचा कोड सोबत दिला नव्हता. आरडाओरडा झाल्यावर नोव्हेंबरमध्ये तो दिला, तोही बिगरव्यापारी वापरापुरता. पन्नास वर्षं फुकट जमा झालेल्या खात्यावर उभं राहून दाराला कडी लावणं मला खटकलं. कायद्याने त्यांचं चुकलं नसेलही.

त्या विद्यार्थिनीला मी नंतर नीट समजावलं, ट्रे काढून दाखवला. तिने पुढचा प्रश्न विचारला तो मात्र जिव्हारी लागला: "मॅडम, मग कुठल्या द्रावणात क्रिस्टल येईल, हेही यंत्राला शिकवता येईल की!" येईल, पण शिकवायचं कशावरून? डेटा बँकेत जे आहेत ते सगळे पास झालेले. कुठल्या द्रावणात क्रिस्टल आला ते त्यात लिहिलेलं असतं, कुठल्या हजार द्रावणांत आला नाही ते कुठेच नाही. त्या नोंदी आमच्या पिढीच्या वह्यांत होत्या. 'साका', 'स्वच्छ', 'मीठ', 'पुन्हा मीठ' अशा एका-एका शब्दाच्या. प्रयोगशाळा बदलली, इमारत बदलली की त्या रद्दीत गेल्या. अपयशाचा आकडा जमा केल्याशिवाय निबंध छापणार नाही, असा हेका कुणी धरला नाही. मीही नाही.

आता आमच्या विभागात प्रत्येक ट्रेसाठी एक एक्सेल फाइल ठेवतो. न आलेल्या क्रिस्टलसाठीही चोवीसच्या चोवीस खण भरायचे, तारीख आणि फोटोसकट. मुलं जाम कंटाळतात. "मॅडम, सगळे स्वच्छच आहेत, एकदाच लिहिलं तर चालेल का?" हे रोजचं. मी नाही म्हणते, आणि मग ती कॉपी-पेस्ट करतात. ते थांबवायला काय करावं, हा सध्याचा माझा प्रश्न आहे.